इंजिन थांबलं तर तिच्या हाती काय?

घोडबंदर रोडवर मानपाड्याला बस अडकली आहे. डावीकडे येऊरचा डोंगर, तिथेच हवाई दलाचं ठाणं. शेजारी बसलेल्या तुमच्या लेकीनं एनडीएचा फॉर्म भरलाय. तिला वैमानिक व्हायचंय. तुमच्या मनात एकच प्रश्न घोळतोय: शिकताना विमान पडलं तर? उत्तर हवं असेल, तर शिकाऊ विमानांत स्वतः बसून यावं लागेल.

सन १९४३. हैदराबादचं बेगमपेठ. तुम्ही टायगर मॉथच्या मागच्या आसनावर आहात. दोन मजली पंख, त्यांवर ताणलेलं कापड, डोकं उघड्यावर, चाकांना ब्रेक नाहीत. पुढे बसलेल्या प्रशिक्षकाचा आवाज नळीतून कानात येतो. उंचावर गेल्यावर तो इंजिन मंद करतो, दांडा पोटाशी ओढतो आणि रडर (शेपटीचं सुकाणू) पायानं एका बाजूला दाबतो. विमानाचं नाक कोसळतं, खालची शेतं गरगर फिरू लागतात. ही स्पिन. तुम्ही उलट बाजूचा रडर दाबता, मग दांडा पुढे ढकलता. विमान आणखी एक गिरकी घेऊन सरळ होतं. महायुद्धात या विमानावर जादा सामान चढलं तेव्हा ते गिरकीतून सुटेना. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या अभियंत्यांनी कारण शोधलं आणि शेपटीच्या पुढे दोन अरुंद पट्ट्या बसवायला लावल्या. शिकणाऱ्याचा जीव अशा हातभर पट्टीवर अवलंबून असतो.

ऑगस्ट १९५१, बंगळूर. समोर धातूचं, एकमजली पंखांचं एचटी-२ पहिल्या उड्डाणाला उभं आहे. त्याचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे, कोल्हापूरकडच्या हसूरचे. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. लढाऊ विमान निष्णात माणसासाठी बनतं. शिकाऊ विमान चुकणाऱ्या माणसासाठी बनवावं लागतं. वेग फार उतरला की त्यानं आधी थरथरून इशारा द्यायला हवा, आणि चूक सुधारायला विद्यार्थ्याला दोन-चार क्षण द्यायला हवेत. टायगर मॉथची जागा याच मराठी माणसाच्या विमानानं घेतली आणि हवाई दलाच्या कित्येक पिढ्या त्यावर घडल्या.

आता ३१ जुलै २००९. तेलंगणातला मेदक जिल्हा, तेव्हाच्या आंध्रात. तुम्ही एचपीटी-३२ ‘दीपक’मध्ये आहात, प्रशिक्षकाच्या शेजारी. २६० अश्वशक्तीचं पिस्टन इंजिन. विद्यार्थ्यांच्या हाती हे विमान १९८४ पासून आहे. समजा, इंजिन आत्ता थांबलं. कानांत फक्त वारा. बोजड अंगाचं हे विमान नीट तरंगत नाही, झपाट्यानं खाली येतं. इजेक्शन सीट नाही. छत मागे सरकवून, पंखावर चढून उडी टाकायची, आणि तेवढी उंची उरलेली नाही. खाली शेत शोधा. मध्ये विजेच्या तारा आहेत.

त्या दिवशी मेदकमध्ये दीपक कोसळलं आणि दोन अनुभवी प्रशिक्षक गेले. तोवर १७ अपघातांत १९ वैमानिकांचे प्राण गेले होते. इंजिनाला इंधन कमी पडून ते बंद पडण्याच्या तक्रारी जुन्या होत्या. त्यानंतर सगळी दीपक विमानं जमिनीवर बसवली. अख्खं विमान पॅराशूटनं अलगद उतरवायचा विचारही झाला, पण दीपक पुन्हा विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलं नाही. हा निर्णय योग्यच होता. तो यायला पंचवीस वर्षं आणि इतके जीव लागले, याचं दुःख मात्र आपण सगळ्यांनी बाळगायला हवं. त्या वैमानिकांच्या आईबापांनीही कधीतरी आपल्या लेकराला असाच फॉर्म भरताना पाहिलं असेल.

२०१३, हैदराबादजवळच्या दुंडिगलची हवाई दल अकादमी. दीपकच्या जागी आलेलं स्वित्झर्लंडचं पिलाटस पीसी-७. टर्बोप्रॉप इंजिन, इजेक्शन सीट. तुम्ही सुटकेचा श्वास सोडता. पण ४ डिसेंबर २०२३ ला तेही पडतं, मेदक जिल्ह्यातच, तूपरानजवळ. प्रशिक्षक आणि विद्यार्थी दोघंही जातात. चांगली सीट धोका कमी करते, संपवत नाही.

शेवटचा थांबा: १७ ऑक्टोबर २०२५, नाशिकजवळचं ओझर. एचएएल या विमान कारखान्यात एचटीटी-४० या नव्या शिकाऊ विमानाच्या दुसऱ्या उत्पादन साखळीचं उद्घाटन. आसनावर हात ठेवा: विमान जमिनीवर उभं असतानाही ही सीट माणसाला वर फेकून पॅराशूटनं उतरवू शकते. स्पिनच्या चाचण्यांसाठी याच्याही शेपटीत बदल करावे लागले, मग सहा गिरक्यांतून ते बाहेर आलं. टायगर मॉथच्या पट्ट्यांपासून हे काम चालूच आहे.

तेव्हा लेकीला अडवू नका. नव्या विमानाबद्दल मात्र विचारत राहा, खासदाराला, वर्तमानपत्रांना: इंजिन थांबल्याच्या किती नोंदी झाल्या? कारण सापडलं का? दुरुस्ती कधी झाली? दीपकच्या वेळी हे प्रश्न वेळेवर आणि मोठ्यानं विचारले गेले असते, तर त्या एकोणिसांतले काही जण आज निवृत्त होऊन घरी असते.