ब्लूजचा टोन : गिटार, अ‍ॅम्प आणि पेडल यांचा मेळ

ब्लूज हा अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांनी घडविलेला संगीतप्रकार. त्यातील इलेक्ट्रिक गिटारचा नाद एकदा ऐकला की सहसा विसरला जात नाही. हा नाद अगदी स्वच्छ नसतो आणि कर्कशही नसतो. तार हळुवार छेडली तर तो गोड व मोकळा लागतो, जोराने छेडली तर किंचित फाटतो आणि गायकाचा गळा दाटून यावा तसा खरखरतो. गिटारवादक या अवस्थेला ‘ब्रेकअप’ म्हणतात. ब्लूजचा टोन मिळविणे म्हणजे या सीमारेषेवर वाद्याला आणून ठेवणे आणि तिच्या अलीकडे-पलीकडे जाण्याचे काम बोटांकडे सोपविणे होय. हे न उमगल्यामुळे अनेक नवशिके एकामागून एक पेडल विकत घेत राहतात. खर्च वाढत जातो, पण हवा तो नाद काही मिळत नाही.

उगम गोंगाटात

गिब्सन कंपनीने १९३६ मध्ये ‘ईएस-१५०’ ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. त्यानंतरच्या दशकात टी-बोन वॉकर यांनी विजेच्या गिटारवर ब्लूजमधील एकल वादनाची नवी भाषा घडविली. मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीतून शिकागोत आले. तिथल्या गजबजलेल्या गुत्त्यांत साधी गिटार ऐकूच जात नसे, तेव्हा वाद्याला विजेची जोड देणे ही निकडीची बाब होती. लहान, स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या क्षमतेपलीकडे वाढवून वाजविले जात आणि त्यामुळे आवाज फाटे. अभियंत्यांच्या दृष्टीने हा दोष होता. श्रोत्यांना मात्र त्यात आपल्याच जगण्याचा स्वर सापडला.

१९५१ मध्ये मेम्फिस येथे ध्वनिमुद्रित झालेल्या ‘रॉकेट ८८’ या गीताची कथा प्रसिद्ध आहे. प्रवासात बिघडलेल्या अ‍ॅम्पमध्ये कागद कोंबून काम भागविण्यात आले आणि त्यातून निघालेला घरघरता आवाज तसाच मुद्रिकेवर राहिला, असे सांगितले जाते. दोषाला गुण मानण्याची ही दृष्टी पुढे साऱ्या रॉक संगीताने उचलली.

आवाज फाटतो म्हणजे काय?

गिटारच्या पिकअपमधून येणारा विद्युत संकेत अतिशय क्षीण असतो. अ‍ॅम्पमधील व्हॉल्व्ह, अर्थात निर्वात नलिका, तो मोठा करतात. प्रत्येक व्हॉल्व्हला मर्यादा असते. संकेत त्या मर्यादेपलीकडे गेला की लहरीचे शिखर छाटले जाते. याला ‘क्लिपिंग’ म्हणतात. छाटलेल्या लहरीत मूळ स्वराबरोबर नवे उपस्वर निर्माण होतात आणि नाद भरीव वाटू लागतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी नीट लागली की एकाच तारेतून उपस्वरांचे जाळे उमटते, हा आपल्याकडील अनुभव आहे. कारण निराळे असले तरी कानाला होणारा लाभ बराचसा त्याच जातीचा आहे.

व्हॉल्व्हमध्ये ही छाटणी बहुधा हळूहळू सुरू होते. हळुवार आघाताला स्वच्छ आणि जोरकस आघाताला फाटका, असा प्रतिसाद त्यामुळेच मिळतो. शिवाय शिखरे दबल्याने स्वर अधिक काळ टिकल्यासारखा वाटतो. ब्लूजमध्ये तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याला फार महत्त्व आहे. मींडेशी परिचित असलेल्या कानाला ते सहज कळेल. कोमल आणि शुद्ध गंधार यांच्या मधोमध रेंगाळणारा स्वर तर ब्लूजची ओळखच. असा स्वर लगेच विझून गेला तर त्याचा परिणामच उरत नाही.

गिटारची निवड

ब्लूजमध्ये प्रामुख्याने दोन प्रकारचे पिकअप ऐकू येतात. फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर व १९५४ मधील स्ट्रॅटोकास्टर या गिटारवर सिंगल कॉइल पिकअप असतात. त्यांचा नाद धारदार व पारदर्शक असतो. मात्र विजेची गुणगुण ते सहज पकडतात. ही गुणगुण टाळण्यासाठी गिब्सनमधील सेथ लव्हर यांनी दोन वेटोळ्यांचा ‘हमबकर’ विकसित केला. १९५७ पासून तो गिब्सनच्या गिटारवर दिसू लागला. त्याचा नाद जाड, उबदार आणि अधिक जोरकस असतो. दोन्ही प्रकारांत मानेजवळचा पिकअप गोल आवाज देतो, तर ब्रिजजवळचा टोकदार.

गिटारवरील व्हॉल्यूमचे बटण हेही एक साधन आहे. ते सदैव पूर्ण उघडे ठेवण्याऐवजी साथीसाठी ५-६ वर आणि एकल वादनासाठी १० वर नेले, तर एकही पेडल न दाबता दोन वेगळे टोन हाती येतात.

अ‍ॅम्प : टोनचा पाया

ब्लूजच्या इतिहासात फेंडरच्या ‘बासमन’ अ‍ॅम्पला मानाचे स्थान आहे. तो मुळात बास गिटारसाठी होता. परंतु १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील त्याचे दहा इंची चार स्पीकरांचे रूप गिटारवादकांनी आपलेसे केले. लंडनचे जिम मार्शल यांचा पहिला ‘जेटीएम ४५’ हा अ‍ॅम्प याच बासमनच्या रचनेवर आधारलेला होता. १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्स या चमूच्या ध्वनिमुद्रणावेळी एरिक क्लॅप्टन यांनी गिब्सन लेस पॉल गिटार मार्शल अ‍ॅम्पला जोडली आणि स्टुडिओतही तो मंचावरच्याइतकाच मोठा ठेवण्याचा आग्रह धरला. ब्रिटिश ब्लूजचा दाट नाद त्यातून रूढ झाला.

दुसरी परंपरा स्वच्छ नादाची. १९६३ मध्ये आलेला फेंडरचा ‘डिलक्स रिव्हर्ब’ हा सुमारे २२ वॅटचा अ‍ॅम्प तिचे उत्तम उदाहरण. यातील स्प्रिंगच्या रिव्हर्बमुळे स्वराभोवती अवकाश निर्माण होतो. व्हॉल्व्हशिवाय ब्लूज नाही, हा समजही खरा नाही. बी. बी. किंग यांनी अनेक वर्षे ‘लॅब सिरीज एल५’ हा ट्रान्झिस्टरवर चालणारा अ‍ॅम्प वापरला. त्यांच्या स्वरातील आर्तता डाव्या हाताच्या कंपनातून येत असे.

पेडलची भूमिका

ओव्हरड्राइव्ह : हे ब्लूजमधील सर्वांत उपयुक्त पेडल. आयबानेझ कंपनीचे ‘ट्यूब स्क्रीमर’ १९७० च्या दशकाच्या अखेरीस आले आणि टेक्सासच्या स्टीव्ही रे वॉन यांच्यामुळे ब्लूजच्या जगात सर्वतोमुखी झाले. ते खर्ज थोडा कमी करून मध्य सप्तकाला उठाव देते; त्यामुळे गिटार बास आणि ड्रम यांच्या गर्दीतून वर येते. त्याचा ‘ड्राइव्ह’ कमी आणि ‘लेव्हल’ जास्त ठेवून, आधीच फाटण्याच्या बेतात असलेल्या अ‍ॅम्पला पुढे ढकलणे ही रूढ पद्धत आहे. बॉस कंपनीचे १९९५ मधील ‘ब्लूज ड्रायव्हर’ तुलनेने मोकळे आहे. त्यात आघातातील फरक अधिक स्पष्ट उमटतो.

फझ : येथे लहरीची छाटणी अधिक कठोर असते. १९६६ मधील ‘फझ फेस’ जिमी हेन्ड्रिक्स यांच्यामुळे गाजले. अशी पेडले गिटारला थेट, म्हणजे साखळीत पहिली जोडल्यास गिटारच्या व्हॉल्यूमला उत्तम प्रतिसाद देतात.

डिले व रिव्हर्ब : ही पेडले साखळीच्या शेवटी, तीही बेताने. प्रतिध्वनी वेगळा जाणवू लागला तर तो बहुधा जास्त झालेला असतो.

जुळणीचा क्रम

प्रथम सर्व पेडल बंद ठेवून गिटार थेट अ‍ॅम्पला जोडावी. ट्रेबल व बास मध्यावर, मिडल किंचित वर ठेवावे. जोराने छेडल्यावरच स्वर फाटेल आणि हळुवार छेडल्यास स्वच्छ राहील, इथपर्यंत गेन वाढवावा. हा पाया जमला की मगच ओव्हरड्राइव्ह जोडावा. गेन अति झाला तर प्रत्येक आघात सारखाच ऐकू येतो आणि ब्लूजचा प्राणच हरपतो. शंका असल्यास गेन थोडा कमी करावा, हा नियम सहसा फसत नाही.

सदनिका, शेजारी आणि सुरक्षितता

शहरातील खरी अडचण आवाजाची. पाच वॅटचा अ‍ॅम्प पन्नास वॅटच्या दशांश मोठा असेल, ही समजूत चुकीची आहे. शक्ती दहापट कमी झाली तरी कानाला आवाज साधारण निम्माच वाटतो. त्यामुळे पाच वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प फाटेपर्यंत वाढविला तर शेजाऱ्यांची झोपमोड ठरलेलीच. अशा वेळी मास्टर व्हॉल्यूम असलेला अ‍ॅम्प, शक्ती शोषून घेणारा अटेन्यूएटर किंवा हेडफोनवर चालणारा डिजिटल मॉडेलिंग अ‍ॅम्प हे पर्याय व्यवहार्य ठरतात. हेडफोनचा आवाजही बेताचा हवा. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंतच सोसावा, असा कामाच्या ठिकाणांसाठीचा एक प्रचलित निकष आहे. त्याहून प्रत्येक तीन डेसिबलच्या वाढीला ही मुदत निम्म्यावर येते.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये काही शे व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये तो प्राणघातक प्रमाणात टिकू शकतो. जाणकाराशिवाय कोणीही त्याचे झाकण उघडू नये. स्पीकर न जोडता असा अ‍ॅम्प चालविल्यास त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. केवळ १२० व्होल्टसाठी बनविलेला, अमेरिकेतून आणलेला अ‍ॅम्प आपल्या २३० व्होल्टला थेट जोडणे म्हणजे तो गमावणेच. त्यासाठी पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आवश्यक आहे. बहुतेक पेडल ९ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या पिनचा मध्यभाग ऋण असतो. जुन्या धर्तीच्या काही फझ पेडलची ध्रुवता मात्र उलटी असते. अ‍ॅडॉप्टर लावण्यापूर्वी ते तपासावे.

अखेर बोटांवर

स्टीव्ही रे वॉन जाड तारा वापरीत आणि गिटार अर्ध्या स्वराने उतरवून लावीत. त्यांची पेडल व अ‍ॅम्प विकत घेता येतात, मनगटातील जोर मात्र रियाजानेच येतो. मुंबईत २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी शिकागोचे बडी गाय तेथे वाजवून गेले. कुजबुजीएवढ्या मंद स्वरावरून एकाएकी गर्जनेवर जाणे ही त्यांच्या वादनाची खासियत. मंद स्वरालाही तितकेच वजन देता येईल अशी जुळणी करणे, हेच ब्लूजचा टोन शोधणाऱ्याचे उद्दिष्ट असावे. त्यासाठी एक गिटार, एक बरा अ‍ॅम्प आणि फार तर एक पेडल पुरेसे आहे.