पोरखेळ की विज्ञानकथा? ‘डॉक्टर हू’च्या चाहत्यांचा जुना वाद

दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ पाहिलेल्या पिढीलाही ब्रिटनच्या ‘डॉक्टर हू’ची ओळख करून द्यावी लागते. निळ्या पोलीस-पेटीत बसून काळात आणि अवकाशात कुठेही जाणारा एक विक्षिप्त प्रवासी, एवढीच तिची मूळ कल्पना. मरायची वेळ आली की त्याचे शरीर पालटते, म्हणजे नट बदलतो आणि मालिका पुढे चालू राहते. या मालिकेच्या चाहत्यांमध्ये गेली जवळजवळ पन्नास वर्षे एक भांडण चालू आहे. मालिकेने गंभीर असावे की थिल्लर झाले तरी चालेल? मी या भांडणाचा माग काढू लागलो तो कुतूहलापोटी. पण जसजसा खोलात गेलो तसतसे लक्षात आले, की हा वाद दिसतो तितका एका मालिकेपुरता नाही.

मालिकेचा जन्मच मुळी या पेचातून झाला. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, बीबीसीने पहिला भाग दाखवला. डॉक्टरबरोबर प्रवासाला निघणारी दोन माणसे शाळामास्तर होती, एक विज्ञानाचा आणि एक इतिहासाची. मुलांना शनिवारी संध्याकाळी हसतखेळत काही शिकवावे, हा हेतू उघड होता. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी एक अट घातली होती : बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत. महिनाभरातच डॅलेक अवतरले. मिरपुडीच्या डबीसारखे दिसणारे, घशातून किंचाळणारे हे प्राणी पाहून न्यूमन संतापले. मुलांनी मात्र ते डोक्यावर घेतले आणि मालिका तरली. ज्याला संस्थापकाने पोरकट म्हणून बंदी केली होती, त्यानेच तिला वाचवले, हे पुढच्या साऱ्या वादाच्या आधी ध्यानात ठेवायला हवे.

चाहत्यांची ‘डॉक्टर हू अ‍ॅप्रिसिएशन सोसायटी’ १९७६मध्ये उभी राहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘द डेडली असॅसिन’ ही कथा आली. एका भागाच्या शेवटी डॉक्टरचे डोके पाण्याखाली दाबून धरलेले असते आणि चित्र तिथेच गोठते. दूरचित्रवाणीवरच्या नीतिमत्तेसाठी झगडणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी तक्रार केली आणि बीबीसीला माफी मागावी लागली. गंमत अशी, की संघटनेच्या अध्यक्षांनाही ही कथा रुचली नव्हती. कारण मात्र वेगळे होते. डॉक्टरच्या गूढ, देवतुल्य जमातीला तिथे म्हाताऱ्या, कावेबाज राजकारण्यांच्या पातळीवर आणले होते. एका पक्षाला ती कथा फार भयानक वाटली, दुसऱ्याला पुरेशी भारदस्त वाटली नाही.

पुढचे निर्माते ग्रॅहम विल्यम्स यांना हिंसा कमी करण्याची तंबी मिळाली. हिंसेने रिकामी केलेली जागा विनोदाने भरली. यंत्रकुत्रा आला, नायक टॉम बेकर ऐनवेळी पदरचे संवाद घालू लागले, आणि १९७९च्या हंगामाला पटकथा-संपादक म्हणून डग्लस अ‍ॅडम्स लाभले. चाहत्यांतल्या गंभीर पंथाच्या मते हे वर्ष म्हणजे घसरणीची परमावधी.

याच वर्षातली ‘सिटी ऑफ डेथ’ घ्या. पॅरिसमध्ये एक उमराव मोनालिसा चोरतो आहे. तो मुळात परग्रहवासी. काळात त्याचे तुकडे विखुरले आहेत आणि त्यातल्या एकाने लिओनार्दोकडून आणखी सहा मोनालिसा काढून घेतल्या आहेत, नंतर चोरून विकायला. शेवटी जॉन क्लीझ कलारसिकाच्या थाटात पोलीस-पेटीची आधुनिक शिल्प म्हणून तारीफ करतात. सगळा खट्याळपणा! पण कथेच्या गाभ्याशी काय आहे? चाळीस कोटी वर्षांपूर्वी या प्राण्याचे यान फुटले आणि त्या स्फोटाच्या ऊर्जेतून पृथ्वीवर जीवसृष्टी सुरू झाली. त्याला मागे जाऊन तो स्फोट टाळायचा आहे, स्वतःच्या जातीला वाचवायचे आहे. त्याचे दुःख खरे आहे; आणि ते निवारले तर आपण कुणीच उरत नाही. अखेरचा भाग एक कोटी साठ लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. प्रतिस्पर्धी आयटीव्ही वाहिनी तेव्हा संपामुळे बंद होती, हेही सांगायला हवे.

१९८०मध्ये जॉन नेथन-टर्नर निर्माते झाले. कॉलेजातल्या पोरांसारखी थट्टा बंद करायची, हे त्यांनी ठरवूनच टाकले होते. नवे पटकथा-संपादक ख्रिस्तोफर बिडमीड यांना खरे विज्ञान हवे होते. यंत्रकुत्र्याला निरोप मिळाला. गंभीर पंथाने जे मागितले ते सारे मिळाले. आणि आयटीव्हीने समोर ‘बक रॉजर्स’ ही भडक अमेरिकी मालिका लावताच काही भागांना पन्नास लाखही प्रेक्षक लाभले नाहीत. १९८५मध्ये बीबीसीने मालिका दीड वर्ष थांबवली. हिंसेची तक्रार पुन्हा होतीच.

ती परतल्यावर डिसेंबर १९८६मध्ये बीबीसीच्या ‘ओपन एअर’ या कार्यक्रमात काही तरुण चाहते आले. त्यांतल्या सोळा वर्षांच्या ख्रिस चिबनल याने त्या हंगामाच्या लेखकांना तोंडावर ऐकवले, की कथा साचेबद्ध आहे. पुढे २०१८मध्ये हाच चिबनल मालिकेचा प्रमुख झाला आणि तशीच टीका त्याच्या वाट्याला आली. हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. ज्या वयात मित्रमंडळी लहानपणीची आवड टाकून देतात, त्या वयात ती जपणाऱ्याला जगापुढे ती समर्थनीय ठरवावी लागते. पडद्यावर कुणी बावळटपणा केला की त्याला वाटते, आपलेच हसे झाले. गंभीरपणाची मागणी ही अनेकदा आपल्या प्रेमाला प्रतिष्ठा मिळावी, ही मागणी असते.

पण प्रतिष्ठेच्या काळजीत पाहणाऱ्याचे कधी कधी ऐकायचे राहून जाते. नोव्हेंबर १९८८ची ‘द हॅपिनेस पेट्रोल’ तीन भागांची कथा. एका ग्रहावर दुःखी दिसणे हा मृत्युदंडाचा गुन्हा आहे. गुलाबी केसांच्या बायका गस्त घालतात आणि गोळ्या-चॉकलेटांचा बनलेला कँडीमॅन माणसे मारतो. चाहत्यांनी कपाळाला हात लावला. एका मिठाई कंपनीने आपल्या जाहिरातीतल्या पात्राशी साम्य आहे म्हणून तक्रार केली. ग्रहाची हुकूमशहा हेलन ए. ही शीला हॅनकॉक यांनी मार्गारेट थॅचर यांच्या ढंगात उभी केली होती. २०११च्या ईस्टरला कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी प्रवचनात सुखाच्या सक्तीबद्दल बोलताना याच कथेचा दाखला दिला. तेवीस वर्षांपूर्वी ज्याला चाहत्यांनी नाके मुरडली, ते धर्मपीठावरून सांगितले गेले.

दुसरे उदाहरण २००५चे. सोळा वर्षांनी मालिका नियमितपणे परतली ती रसेल टी. डेव्हिस या जुन्या चाहत्याच्या हाती. एप्रिलमधल्या दोन भागांत परग्रहवासी माणसांची कातडी पांघरून डाउनिंग स्ट्रीटमध्ये शिरतात आणि सतत पादतात. प्रौढ चाहते शरमले. पण हेच प्राणी पंचेचाळीस सेकंदांत डागता येणाऱ्या संहारक अस्त्रांची थाप मारून जगाला युद्धात लोटू पाहतात. इराककडे पंचेचाळीस मिनिटांत वापरता येतील अशी अस्त्रे असल्याचा दावा ब्रिटिश सरकारने सप्टेंबर २००२मध्ये केला होता, आणि त्या भागानंतर दोन आठवड्यांच्या आत निवडणूक होती. शनिवारी संध्याकाळी सहकुटुंब पाहिल्या जाणाऱ्या मालिकेत इतके रोखठोक बोलायला पादण्याचाच आडोसा लागला, असे मला वाटते.

याचा अर्थ प्रत्येक आचरटपणामागे तत्त्वज्ञान दडलेले असते असा नाही. कित्येक विनोद नुसतेच फसलेले आहेत. पण गंभीरपणाही फसतो. ‘डॉक्टर हू मॅगझिन’ने २००९मध्ये दोनशे कथांवर वाचकांचा कौल घेतला. शेवटचा, दोनशेवा क्रमांक आला ‘द ट्विन डायलेमा’चा. १९८४च्या या कथेत डॉक्टर स्वतःच्या सोबतिणीचा गळा दाबतो. नायकाला काळोखी छटा देण्याचा तो प्रयत्न होता. आणि एकेकाळी थिल्लरपणाचा नमुना ठरलेल्या हंगामातली ‘सिटी ऑफ डेथ’? आठवी.

मराठी वाचकाला हे भांडण परके वाटू नये. विनोदी लेखकाला आपण प्रेम भरभरून देतो, मान मात्र जरा बेताने. विज्ञानकथेकडूनही ‘यातून विज्ञान किती कळले’ याचा हिशेब आधी मागतो. ती कथा म्हणून कशी आहे हे मागाहून पाहतो. न्यूमन यांनी १९६३मध्ये हाच हिशेब मांडला होता, आणि तो बटबटीत किंचाळणाऱ्या डॅलेकांनी उधळून लावला. एखादी गोष्ट हलकी आहे की भारी, हे तिच्या वेषावरून ठरवण्याची घाई झाली, की पंधरा-वीस वर्षांनी कुणीतरी ती पुन्हा पाहतो आणि विचारतो : तेव्हा तुम्ही नक्की कशाला हसत होता?