कुलूपबंद जनुक

नागपूर आणि रायपूर ही शहरे १९५६ पर्यंत एकाच राज्यात होती. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या. पण दोन्ही प्रदेशांतील लोकांच्या रक्तातील एक वारसा बदलला नाही. तो वारसा म्हणजे सिकलसेल हा रोग. ह्या रोगात रक्तातील वाटोळ्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात आणि रोग्याच्या हाडांत असह्य कळा उठतात. शिकागोच्या जेम्स हेरिक ह्यांनी त्याचे वर्णन १९१० साली प्रसिद्ध केले. मध्य भारतातील ह्या दोषाची नोंद शुक्ला आणि सोलंकी ह्यांनी १९५८ साली नागपुराहून ‘लॅन्सेट’ नियतकालिकात केली.

तत्पूर्वी, १९४८ साली, न्यूयॉर्कच्या डॉक्टर जॅनेट वॉटसन ह्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली होती. हा वारसा घेऊन आलेल्या नवजात बालकांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी फारच थोड्या असतात. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतर काही महिने टिकते व पेशींना वाकू देत नाही. पुढे ते ओसरते आणि रोग प्रकट होतो. परंतु ते निर्माण करणारे जनुक नष्ट होत नाही. त्याला केवळ कुलूप लागते.

हे कुलूप लावतो कोण? कोणत्या जनुकाने काम करावे व कोणत्याने स्वस्थ बसावे, हे ठरविणारी प्रथिने पेशीत असतात. त्यांपैकी बीसीएल-११-ए हे प्रथिन हे काम करते, असे बॉस्टनच्या संशोधकांनी २००८ साली दाखविले. रक्त निर्माण करणाऱ्या मूलपेशींत फेरफार करून ह्या प्रथिनाचा जोर मोडणारा उपचार २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्य झाला. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लक्ष डॉलर ठरली. रायपूरच्या गुढियारी भागातील सामान्य कुटुंबाला त्याचा काय उपयोग?

अशा कुटुंबाला परवडते ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी. अमेरिकेत १९९८ साली ह्या रोगासाठी मान्य झालेले हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढविते. मात्र ते सर्वांस सारखे लागू पडत नाही. म्हणून कुलूप लावणाऱ्या प्रथिनांवरच नेमका घाव घालणाऱ्या रसायनांचा शोध चालू आहे. ‘विझ’ नावाच्या अशाच एका प्रथिनाचा नाश घडविणारे रेणू नोव्हार्टिसच्या संशोधकांनी २०२४ साली जाहीर केले. उंदरांत व माकडांत त्यांचा गुण आला.

भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तपासणीमुळे रोगी सापडेल. पण त्याला परवडेल असा अधिक गुणकारी उपाय सापडावयाचा, तर तो अशा रेणूंतूनच सापडण्याची आशा आहे.