मुक्कामाची नोंद

नवी दिल्ली स्थानकातून अजमेरी गेटच्या विरुद्ध बाजूला बाहेर पडून रस्ता ओलांडला की पहाडगंजाचा मेन बाजार लागतो. दिल्लीतल्या मराठी माणसाला हा भाग परका नाही. बृहन्महाराष्ट्र भवन इथेच आहे आणि नूतन मराठी शाळाही. बाजारात मात्र ओळीने हॉटेले आणि गेस्ट हाउस. परदेशी प्रवासी काउंटरवर आला की खोलीची चावी हातात पडण्याआधी त्याचा पासपोर्ट मागून घेतला जातो. फोटोच्या पानाची एक झेरॉक्स निघते, व्हिसाच्या पानाची दुसरी, आणि मग ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखला जाणारा फॉर्म भरला जातो. नाव, राष्ट्रीयत्व, पासपोर्टचा क्रमांक, तो कुठे आणि कधी मिळाला, व्हिसाचा क्रमांक आणि मुदत, भारतात कधी उतरला, कुठून आला, इथून कुठे जाणार, किती दिवस राहणार. आल्यापासून चोवीस तासांच्या आत ही माहिती विदेशी नोंदणी अधिकाऱ्याकडे पोचवण्याची जबाबदारी हॉटेलवाल्याची. पूर्वी कागद पाठवत, आता संगणकावर भरतात. व्हिसा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दूतावासाची खिडकी आणि विमानतळावरचा शिक्का येतो. माझे म्हणणे असे की या व्यवस्थेचा खरा इतिहास या काउंटरवर वाचायला मिळतो. युद्धकाळापुरती म्हणून आणलेली तरतूद नेहमीची कशी झाली, आणि कालपर्यंत शेजारी असलेला माणूस एका कागदाने परदेशी कसा ठरला, हे पहाडगंजाइतके स्पष्ट दाखवणारी जागा देशात क्वचितच असेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पाहुण्याची चौकशी हा सरकारांचा जुनाच रिवाज आहे, त्यात नवे काय? आक्षेपात तथ्य आहे. मोगल काळात पहाडगंज शाहगंज म्हणून ओळखले जाई, आणि तटाबाहेरच्या या बाजारात बाहेरगावची माणसे सतत येत असणार. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त कोतवालाची कर्तव्ये सांगताना अनोळखी माणसांना वेगळ्या सराईत उतरवावे आणि त्यांच्यावर नजर ठेवावी असे म्हटले आहे. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडेही शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद असे. चौकी ओलांडायला दस्तक लागे. इंग्रजांनी १८६७ च्या सराई कायद्याने ही नजर सराईवाल्याच्या गळ्यात अडकवली: काल दिवसा किंवा रात्री कोण मुक्कामाला होते ते मागितल्यास कळवायचे. सी फॉर्मची आजी म्हणावी तर ती ही. पण या जुन्या चौकशीत आणि व्हिसात एक मूलभूत फरक आहे. दस्तक एका वाटेपुरते असे. त्यात माणूस कोण, बरोबर काय माल, कोणाच्या सांगण्यावरून निघाला एवढे पाहत. कोतवाल पुण्यात शिरणाऱ्या सातारकराकडे आणि हैदराबादकराकडे सारख्याच संशयाने बघे. जन्माने कोणत्या देशाचा, या एका उत्तरावर दार उघडायचे की लावायचे हे ठरवणारी पद्धत त्याच्याकडे नव्हती.

ती पद्धत किती अलीकडची आहे हे आनंदीबाई जोशींच्या प्रवासावरून कळते. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना अडवले ते आपल्याच समाजाने. विरोध इतका झाला की बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांना आपली बाजू मांडावी लागली. अमेरिकेचा व्हिसा त्यांनी काढला नाही, कारण काढावा असा व्हिसाच नव्हता. म्हणून तो काळ सगळ्यांना मोकळा होता असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केले होते. हिंदुस्थानातही १८६४ चा परकीयांविषयीचा कायदा होता आणि कोणाही परकीयाला देशाबाहेर घालवण्याचा अधिकार सरकारने त्यात राखून ठेवला होता. अधिकार होता, पण सरसकट प्रत्येक प्रवाशाकडे कागद मागण्याची रीत पडलेली नव्हती. ती पाडली पहिल्या महायुद्धाने. १९१४ मध्ये दोन वटहुकूम निघाले, एक परकीयांविषयी आणि दुसरा हिंदुस्थानात प्रवेश करण्याविषयी. या दुसऱ्याचा पहिला मोठा वापर कोणावर झाला हे विसरता कामा नये. कॅनडाने ‘कोमागाता मारू’वरच्या ३७६ प्रवाशांपैकी जेमतेम दोन डझनांना उतरू दिले होते. उरलेले बोटीबरोबर परतले आणि २९ सप्टेंबर १९१४ रोजी कलकत्त्याजवळच्या बजबज येथे पोलिसांच्या गोळीबारात सापडले. मायदेशी येणाऱ्या हिंदी माणसांना अडवण्यासाठी हा वटहुकूम वापरला गेला. पुढे १९१७ चे युद्धकालीन पासपोर्ट नियम आले आणि १९२० मध्ये हिंदुस्थानात प्रवेशासाठी पासपोर्ट हवाच, अशा नियमांना कायमचा कायदा मिळाला.

त्याच १९२० च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रसंघाची पासपोर्ट परिषद पॅरिसला भरली होती. प्रवासावरचे निर्बंध युद्धाने आणले आहेत, ते टप्प्याटप्प्याने जावेत, हीच तिथली अपेक्षा होती. तोवर निदान सगळ्यांचे पासपोर्ट एकसारखे असावेत म्हणून ३२ पानांच्या पुस्तिकेचा नमुना ठरला. निर्बंध गेले नाहीत, पुस्तिका मात्र राहिली. युद्ध संपले म्हणून सैन्य घरी जाते, पण एकदा उघडलेले रजिस्टर बंद करायला कोणी पुढे होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर १९३९ चा विदेशी नोंदणी कायदा आला, आणि सी फॉर्म त्याच कायद्याखालच्या नियमांतला. १९४६ च्या विदेशी व्यक्ती कायद्याने हॉटेलवाल्यावरची जबाबदारी पुन्हा लिहून काढली आणि आपण विदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच डोक्यावर ठेवला. या कायद्याच्या मूळ व्याख्येत विदेशी ठरवण्याची कसोटी ब्रिटिश प्रजाजन असणे ही होती. भारताचा नागरिक नाही तो विदेशी, ही साधी व्याख्या १९५७ च्या दुरुस्तीने आली. स्वातंत्र्यानंतर दहा वर्षे आपल्या देशात परका कोण हे राजाच्या प्रजेच्या मापाने मोजले जात होते.

मधल्या दहा वर्षांत पहाडगंजावर जे गुदरले ते या सगळ्या कलमांपेक्षा मोठे आहे. सप्टेंबर १९४७ च्या दंगलींत करोल बाग आणि सब्जी मंडीबरोबर पहाडगंजही होरपळले. इथले मुसलमान घरेदारे टाकून पुराना किल्ला आणि हुमायूनच्या मकबऱ्यातल्या छावण्यांत गेले आणि त्यांतले कितीतरी पुढे गाडीने पाकिस्तानात. त्यांच्या जागी पश्चिम पंजाबातून उखडलेली कुटुंबे आली. मुलतानी ढांडा हे मोहल्ल्याचे नावच ती कुठली हे सांगते. गेलेल्यांपैकी अनेकांच्या मनात जाणे कायमचे नव्हते. दंगल शमली की परत यायचे, असे समजून ते निघाले होते, आणि १९४८ च्या पूर्वार्धात काही जण परतूही लागले. तेव्हा जुलै १९४८ मध्ये भारत सरकारने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट सक्तीचे केले. तात्पुरत्या भेटीचे परमिट वेगळे, कायमचे परतण्याचे वेगळे. ज्याने भेटीचे परमिट घेतले तो कायद्याच्या लेखी पाहुणा झाला, मग त्याचा जन्म याच गल्लीतला का असेना. १५ ऑक्टोबर १९५२ पासून परमिटाची जागा पासपोर्ट आणि व्हिसाने घेतली. तो व्हिसाही देशाचा मिळत नसे, ठरावीक गावांचा मिळे, आणि गावात पोचल्यावर पोलिसांत हजेरी लावायची. उलट बाजूनेही हेच झाले. मुलतानहून आलेल्या माणसाला आपल्या घराचा उंबरठा पुन्हा बघायचा तर तेवढाच अवघड कागद लागणार होता. ज्या वस्तीतून एक समाज परदेशी ठरून गेला आणि दुसरा निर्वासित ठरून आला, तिथेच पुढे परदेशी पाहुण्यांची नोंद ठेवण्याचा धंदा उभा राहिला. निर्वासित कुटुंबांनी दुकाने थाटली आणि स्थानकाच्या सोयीने खोल्या भाड्याने देणेही वाढत गेले.

सत्तरच्या दशकात इस्तंबूल, तेहरान, काबूल करत जमिनीवरून आलेली युरोप-अमेरिकेतली तरुण मुले या स्वस्त खोल्यांत उतरू लागली आणि पहाडगंजाचे नाव जगभर गेले. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि ती वाट बंद पडली. प्रवासी विमानाने येऊ लागले. या काळातला एक तपशील आज अनेकांना नवा वाटेल. ब्रिटिश नागरिकाला १९८४ पर्यंत भारतात यायला व्हिसा लागत नसे. पंजाबातल्या अशांततेच्या वर्षी आपण राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तो लावला. १९८६ मध्ये ब्रिटनने भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नायजेरिया आणि घाना या पाच देशांच्या नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला. इथे दुसरा आक्षेप येतो: ते आपल्याला लावतात म्हणून आपण त्यांना लावतो, ही बरोबरी आहे. ब्रिटनच्या बाबतीत क्रम उलटा होता, हे तारखाच सांगतात. शिवाय कागदावरची बरोबरी प्रवाशाच्या वाट्याला येत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आपण ४३ देशांच्या पर्यटकांना घरबसल्या ऑनलाइन परवानगीची सोय दिली. लेकाकडे किंवा लेकीकडे लंडनला, न्यू जर्सीला निघालेल्या मराठी आईवडिलांना मात्र बँकेचे स्टेटमेंट, पेन्शनचे कागद, घराची कागदपत्रे गोळा करून आपण परत येणार आहोत हे पटवून द्यावे लागते.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो पहाडगंजात उभे राहून कोणी हलक्याने घेऊ शकत नाही. २९ ऑक्टोबर २००५ रोजी, दिवाळीची खरेदी भरात असताना, याच बाजारात बॉम्ब फुटला. त्या संध्याकाळी सरोजिनीनगरातही स्फोट झाला आणि दिल्लीत साठाहून अधिक माणसे गेली. माणूस कोण उतरला हे कळायला हवे, हे मला मान्य आहे. पण व्हिसाने काय साधते आणि काय नाही, हे डेव्हिड हेडलीच्या प्रकरणाने उघडे केले आहे. दाऊद गिलानी हे नाव २००६ मध्ये बदलून, अमेरिकन पासपोर्टवर रीतसर भारतीय व्हिसा घेऊन तो वारंवार भारतात आला, आणि त्याच्या टेहळणीवर २६/११ चा हल्ला बेतला गेला. मार्च २००९ मध्ये तो पुन्हा आला, पहाडगंजात उतरला आणि इथल्या छाबाड हाउस या ज्यू केंद्राची पाहणी करून गेला. राष्ट्रीयत्वावर विश्वास टाकणारी व्यवस्था तिथेच फसली: पासपोर्ट चांगल्या देशाचा होता. त्यानंतर पर्यटक व्हिसाच्या दोन भेटींत दोन महिन्यांचे अंतर सक्तीचे झाले. त्याचा फटका नेपाळला जाऊन परत येणाऱ्या साध्या पर्यटकांना बसला आणि २०१२ च्या अखेरीस बहुतेक देशांसाठी ती अट मागे घ्यावी लागली. जी अट अनुभवाला उतरत नाही ती मागे घेता येते, याचे हे आपल्याच घरातले उदाहरण आहे.

अशी उदाहरणे आणखीही आहेत. ३१ जुलै १९५० च्या करारानंतर नेपाळी माणसाला भारतात यायला व्हिसा लागत नाही, आणि पाऊणशे वर्षांत या मोकळ्या सीमेने देश बुडालेला नाही. एप्रिल १९६७ पर्यंत भारतीयाला पासपोर्ट मिळणे ही सरकारची मर्जी होती. सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात धरला, तेव्हा त्याच वर्षी सरकारला पासपोर्टचा नीट कायदा करावा लागला. म्हणून माझे मागणे मोठे नाही. पाहुण्याची नोंद जरूर ठेवावी. पण व्हिसाच्या प्रत्येक अटीला मुदत असावी, ती कशासाठी आणली हे लिहिलेले असावे, आणि मुदत संपल्यावर ती पुन्हा संसदेसमोर यावी. नकार मिळालेल्याला कारण कळावे. १९४७ मध्ये दोन्हीकडून उखडल्या गेलेल्या कुटुंबांना आपली गल्ली बघायला जाण्याची वेगळी, सोपी वाट असावी. ती माणसे आता फार उरलेली नाहीत.

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा आप्रवासन आणि विदेशी व्यक्ती कायदा लागू झाला. त्याने १९२०, १९३९ आणि १९४६ चे तिन्ही कायदे रद्द केले. मुक्कामाला आलेल्या विदेशी माणसाची खबर देण्याचे हॉटेलवाल्याचे काम तसेच राहिले, आणि विद्यापीठे व रुग्णालये यांच्यावरही ते कायद्यानेच आले.