भोपळ्यापासून जाकिटापर्यंत

चंडीगडला समुद्र नाही. १९५८ साली सुखना ह्या बरसाती ओढ्याला बांध घालून केलेला एक तलाव तेवढा आहे, आणि तोही शिवालिकच्या डोंगरांतून येणाऱ्या गाळाशी सतत झगडत असतो. संध्याकाळी त्याच्या काठावर सारे शहर फिरायला येते. होडीत बसणाऱ्यांच्या अंगात भडक नारिंगी जाकिटे घातली जातात, मुले ती घालताना हसतात, आणि वडील माणसे जरा ओशाळतात. शेजारी मोहालीत ‘नॉलेज सिटी’ नावाची विद्यावसाहत आहे, तेथे विज्ञानाच्या मोठमोठ्या संस्था आहेत. परंतु मला ह्या तलावाच्या काठी आठवण झाली ती एका लहानशा, कोणाच्या फारशा लक्षात नसलेल्या विद्येची. शहराच्या दुसऱ्या अंगाला हवाई दलाचा तळ आहे. तेथून एएन-३२ विमाने आणि २०१९ पासून चिनूक हेलिकॉप्टरे लेहच्या दिशेने जातात. त्या वाटेवर बर्फ आहे, दऱ्या आहेत, समुद्र नाही. पण ह्याच जातीचे विमान देशाच्या दुसऱ्या टोकाला अंदमानच्या वाटेवर असते. तेथे खाली पाणी आणि पाणीच. तेव्हा वैमानिकाच्या गळ्यात जे फुगणारे जाकीट असते, त्याची घडी कोणी घातली, हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

आमच्या पिढीतील पुष्कळांनी विहिरीत पोहण्याचा पहिला धडा पाठीला वाळलेला भोपळा बांधून घेतला. दोन भोपळ्यांची सांगड असली तर भीती आणखी कमी. भोपळा निवडणारा माणूस तो कानाशी नेऊन टिचकी मारी, देठापाशी चीर आहे का पाही, आणि मगच दोरी आवळी. ती टिचकी म्हणजेच आज ज्याला तपासणी म्हणतात ती. माणसाच्या अंगाला हवा बांधायची आणि ती निसटू द्यायची नाही, एवढीच ही कल्पना. परंतु ती फार जुनी आहे. निमरूदच्या असीरियन राजवाड्यातील, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या शिल्पांत सैनिक फुगवलेल्या कातड्यांवर पोटाशी वाकून नदी ओलांडताना दिसतात, आणि त्यांतला कोणी पोहता पोहताच कातड्यात फुंकरही घालतो आहे. चंडीगडच्या उत्तरेस सतलजच्या काठी, बिलासपूरच्या मुलखात, बैलाच्या फुगवलेल्या कातड्यावर पालथे पडून प्रवाशांना पैलतीरी नेणारे लोक एकोणिसाव्या शतकात युरोपीय प्रवाशांनीही पाहिले होते.

ह्या परंपरेतली सर्वांत प्रसिद्ध मशक मात्र गंगेवरची. १५३९ साली चौसा येथे शेरखानाकडून पराभूत झालेला हुमायून नदीत बुडू लागला, तेव्हा निजाम नावाच्या भिस्त्याने आपली फुगवलेली मशक पुढे करून त्याचा जीव वाचवला. बादशहाने त्याला थोड्या काळासाठी सिंहासनावर बसवले. कोणी अर्धा दिवस म्हणतात, कोणी दोन दिवस. कथा सर्वांना ठाऊक आहे. पण त्या मशकेला टाके कोणी घातले होते, तिचे तोंड कोणी आवळले होते, हे कोणा बखरकाराने विचारले नाही. मला वाटते, ह्या सगळ्या इतिहासात तो विचारायचा राहिलेला प्रश्न पुन्हा पुन्हा येतो.

कातड्यानंतर बूच आले. १८५४ साली इंग्लंडच्या जीवरक्षक-नौका संस्थेतील कॅप्टन वॉर्ड ह्यांनी बुचाचे जाकीट तयार केले. मग कापोक आले, म्हणजे आपल्या सावरीच्या भाऊबंद झाडाचा रेशमी कापूस. दोन्ही तरंगतात, पण दोन्ही जाड. विमानाच्या अरुंद बैठकीत पोटावर बुचाची गादी बांधून कोण बसणार? तेव्हा रिकाम्या असता सपाट आणि गरजेच्या क्षणी भरणारे असे काहीतरी हवे होते. १९२८ च्या सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात पीटर मार्कस नावाच्या माणसाने असे जाकीट सिद्ध केले. ते फुगले की छातीवर दोन्ही बाजूंनी उभार येई. म्हणून वैमानिकांनी थट्टेने त्याला हॉलिवुडच्या मे वेस्ट ह्या नटीचे नाव दिले. ते नाव इतके रुळले की इंग्रजी शब्दकोशांनाही ते घ्यावे लागले.

१९४० च्या उन्हाळ्यात इंग्लिश खाडीवर विमानांची झुंज चालू होती, तेव्हा ब्रिटिश वैमानिकांचे जाकीट तोंडाने फुगवायचे होते. गार पाण्यात, जखमी अवस्थेत, लाटांच्या माऱ्याखाली माणसाने नळीत फुंकर मारायची! शिवाय त्याचा रंग मळकट हिरवट; पाण्यात पडलेला माणूस वरून दिसेना. वैमानिकांनी स्वतःच ती पिवळ्या रंगाने रंगवली. कार्बन डायॉक्साइडची लहानशी नळकांडी असलेला सुधारलेला नमुना १९४१ मध्ये आला. पुढे नोव्हेंबर १९४२ मध्ये अशा जाकिटामुळे किंवा रबरी होडीमुळे समुद्रातून वाचलेल्या वैमानिकांसाठी ‘गोल्डफिश क्लब’ निघाला. युद्धात धातूची टंचाई होती, म्हणून त्याचे बिल्ले जुन्या समारंभी पोशाखांच्या काळ्या कापडावर भरतकाम करून बनवीत.

परंतु ह्या प्रकरणातला खरा नायक कधी विमान चालवीत नव्हता. एडगर पास्क हा भूल देणारा डॉक्टर. प्रश्न असा होता की, शुद्ध हरपलेला माणूस पाण्यात पडला तर जाकीट त्याचे तोंड वर ठेवते का? शुद्धीवर असलेला माणूस कितीही निपचित राहिला तरी मान थोडी सावरतोच; बाहुलीला तर मानेचा सैलपणा नसतो. तेव्हा पास्कने स्वतःला ईथर देऊन गाढ बेशुद्ध करून घेतले, श्वासनलिकेत नळी घालून घेतली, आणि सहकाऱ्यांनी त्याला निरनिराळी जाकिटे घालून हौदात सोडले. पुढे कृत्रिम लाटांतही सोडले. कित्येक जाकिटे नापास झाली. माणूस तरंगे खरा, पण तोंड पाण्यात ठेवून. बुडणारा माणूस केवळ तरंगून वाचत नाही. त्याचे नाक पाण्याबाहेर राहावे लागते. ऑक्सफर्डचे प्राध्यापक रॉबर्ट मॅकिंटॉश ह्या कामाचे मार्गदर्शक होते. पास्क १९६६ साली, त्रेपन्नाव्या वर्षी वारला. गळ्यामागे हवेची उशी असावी, छातीवर भार पुढे असावा म्हणजे देह उताणा फिरेल, हे आज साधे वाटणारे ज्ञान एका माणसाने पुन्हा पुन्हा बेशुद्ध होऊन मिळवले आहे.

आता घडी घालणाऱ्याकडे येऊ. त्याच्या टेबलाची पहिली अट अशी की त्यावर काही टोचणारे असू नये. खिशातली पेनसुद्धा बाजूला. जाकीट आधी उलटसुलट पाहायचे: शिवण, बक्कल, दोरी, शिटी, पाण्याने पेटणारा दिवा. मग कोरडी हवा भरून ते काही तास तसेच ठेवायचे आणि दाब उतरला का पाहायचे. उतरला तर साबणाचे पाणी लावून बुडबुडा शोधायचा, जसा सायकलवाला ट्यूबचा पंक्चर शोधतो. नळकांडी तराजूत घालायची, कारण आतला वायू डोळ्यांना दिसत नाही; तिच्यावर कोरलेल्या वजनापेक्षा काही ग्रॅम कमी भरली की ती बाद. नंतर आतली हवा पूर्णपणे शोषून काढायची. येथे चंडीगडचा संदर्भ लागतो. लेहची उंची सव्वातीन हजार मीटर. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश. घडीत चिमूटभर हवा राहिली तर ती वर जाता जाता दीडपट होते आणि दाब न राखलेल्या विमानात माणसाच्या गळ्याशी विनाकारण फुगू लागते. मग ठरलेल्या क्रमाने घडी, आणि ओढायच्या मुठीला अगदी कच्चा दोरा. पक्का दोरा बांधला तर धडपडणाऱ्या हाताला तो तुटणार नाही. बांधलाच नाही तर मूठ बैठकीत अडकून जाकीट भलत्या वेळी फुगेल. इतका कच्चा आणि इतका पक्का दोरा! शेवटी कार्डावर तारीख आणि सही.

अंगावर बसवणे हे आणखी निराळे काम. पट्टा सैल राहिला तर जाकीट पाण्यात वर सरकते आणि माणूस त्यातून खाली घसरतो. पॅराशूटच्या पट्ट्यांखाली ते दडपले गेले तर फुगताना बरगड्याच आवळते. म्हणून प्रत्येक वैमानिकाला त्याच्या संपूर्ण पोशाखात बसवून, वाकवून, हात वर करायला लावून पट्टे ठरवावे लागतात. शिंपी मापे घेतो तशी ही मापे. फरक इतकाच की गिऱ्हाईक तक्रार करायला परत येईलच असे नाही.

आणि जाकीट कधी फुगवू नये, हेही शिकवावे लागते. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहरण झालेले इथिओपियन विमान कोमोरो बेटांजवळ समुद्रात उतरले. विमानात १७५ माणसे होती, १२५ दगावली. कित्येकांनी आतच जाकिटे फुगवली होती. पाणी चढू लागताच त्यांना बुडी मारून दाराबाहेर पडता येईना. जीव वाचवणारी वस्तूच छताशी धरून ठेवणारी झाली.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे सारे जवळचे आहे. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी गोव्याच्या समुद्रावर नौदलाचे मिग-२९के परतताना कोसळले. वैमानिक बाहेर पडला आणि त्याला सुखरूप उचलण्यात आले. त्याच वर्षी २८ जूनला बॉम्बे हायच्या एका तेलफलाटाजवळ हेलिकॉप्टर समुद्रात उतरले. नऊ जणांपैकी चार गेले, पाच वाचले. आणि चंडीगडच्या आकाशात दिसणाऱ्या एएन-३२ च्याच जातीचे एक विमान २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना एकोणतीस जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. त्याचे अवशेष जवळजवळ ३,४०० मीटर खोल सापडल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. अशा प्रसंगी कोणतीही घडी उपयोगी पडत नाही. तरी ह्या जातीचे दुसरे विमान समुद्रावर निघण्याआधी कोणीतरी त्यातल्या प्रत्येक जाकिटाची नळकांडी पुन्हा तराजूत घालतो.