खंचनाळे विरुद्ध राक्षे: दम कोणाचा?

कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर असे वाद तुम्ही ऐकलेच असतील. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आणि जानेवारी २०२३ चे महाराष्ट्र केसरी शिवराज राक्षे, दोघे ऐन उमेदीत भिडले तर? डॉक्टर म्हणून मी आधी विचारेन, कुस्ती मातीवर की गादीवर?

गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. पहिले काही सेकंद स्नायूंतली साठवलेली ऊर्जा पुरते. मग ऑक्सिजन अपुरा पडतो, स्नायू तशीच साखर जाळतात आणि हातपाय भरून येतात. शरीराला हे सोसायची सवय राक्षेंना आहे.

शाहू महाराजांच्या खासबागेत मात्र जुनी कुस्ती चितपट किंवा बरोबरी होईपर्यंत लांबायची. तिथे कस लागायचा हृदयाचा आणि फुप्फुसांचा. पहाटेचे जोर-बैठका त्यासाठीच. अर्धा तास उलटला, तर माझा कौल खंचनाळेंना.

अशा वादात खुराक निघतोच. दूध, तूप, थंडाई हे त्या मेहनतीचं इंधन. पण तालीम सुटते, थंडाई सुटत नाही! तुमच्या घरी असे जुने पैलवान असतील, तर त्यांची उपाशीपोटीची साखर आणि रक्तदाब या आठवड्यात तपासून घ्या.