छायाचित्र आणि ओसरते पाणी

छायाचित्रणाच्या इतिहासात पाण्याचे स्थान आरंभापासून सेवकाचे राहिले आहे. इ. स. १८६६ मध्ये सॅम्युएल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराने गंगोत्रीच्या हिमनदीचे मुख टिपले. कलोडियनचा लेप दिलेली काच ओली आहे तोवरच तिच्यावर प्रकाश पाडून ती धुऊन घ्यावी लागे. म्हणून काळोखा तंबू, रसायने आणि काचा यांचे ओझे हमालांच्या पाठीवरून हिमालयात न्यावे लागे. पाणी आपले काम करी आणि वाहून जाई. चित्रात त्याचा डाग उरलाच, तर तो दोष गणला जाई.

बोर्नची दृष्टी रम्य दृश्य शोधणाऱ्या कलावंताची होती, शास्त्रज्ञाची नव्हे. तथापि कालांतराने त्याचे चित्र निराळ्याच कारणाने मोलाचे ठरले. १९३५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जे. बी. ऑडन (कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे बंधू) यांनी त्या मुखाचा नकाशा तयार केला, त्यानंतर ते एक किलोमीटरहून अधिक मागे हटले आहे. सौंदर्यासाठी काढलेले चित्र असे नकळत साक्षीदार बनले. हीच साक्ष हेतुपूर्वक जमवण्यासाठी इटलीचे फाबियानो व्हेंतुरा यांनी २००९ पासून जुन्या छायाचित्रकारांच्याच जागी उभे राहून, मोठ्या आकाराच्या फिल्मवर, जगातील निरनिराळ्या हिमनद्या पुन्हा टिपल्या.

अशा चित्रजोडीने बदल निर्विवादपणे सिद्ध होतो. परंतु दोन क्षणांमधला काळ तिच्यात उमटत नाही, आणि पाहणारा निर्धोक अंतरावरच उभा राहतो. हीच उणीव प्रयोगशील छायाचित्रकारांना जाणवलेली दिसते. अमेरिकेच्या मॅथ्यू ब्रँट यांनी तेथील तलावांची रंगीत छायाचित्रे त्या त्या तलावातून आणलेल्या पाण्यात कित्येक दिवस, क्वचित महिनेही, भिजत ठेवली. रंगांचे थर विरघळून डोंगर आणि आकाश ज्वालांसारखे पिवळे-तांबडे झाले. त्या देशाचा नैर्ऋत्य भाग तेव्हा दीर्घ अवर्षणात होता. २००० ते २०२१ ही तेथील बावीस वर्षे किमान बाराशे वर्षांतील सर्वांत कोरडी ठरली आहेत. मेगन रीपनहॉफ यांनी २०१३ पासून लोहक्षारांचा लेप दिलेले कागद समुद्रकिनारी लाटांखाली अंथरले. ही सायनोटाइपची पद्धती जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स हिने ती सागरी शेवाळांची चित्रे करण्यासाठी वापरली.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो आणि तो टाळण्याजोगा नाही. ब्रँट यांच्या चित्रातील विध्वंस अवर्षणाने केलेला नाही. तुडुंब भरलेल्या तलावाचे पाणीही रंग असेच विरघळवील. सारांश, पुरावा म्हणून या चित्रांना किंमत नाही. मग त्यांचे मोल कशात आहे?

याचे उत्तर छायाचित्रणाच्या मूळ आकांक्षेत सापडते. ज्या हर्शेलने सायनोटाइप शोधली, त्यानेच १८३९ मध्ये हायपोच्या साह्याने चित्र स्थिर करण्याची युक्ती दाखवली होती. तेव्हापासून नश्वर दृश्याचे अविनाशी चित्र हे या कलेचे ब्रीद झाले. परंतु दृश्याची नश्वरता म्हणजे ढळणारा प्रकाश वा सरणारा ऋतू, एवढाच तेव्हाचा समज होता. खुद्द हिमनदीच निघून जाईल आणि तिचे चित्र मागे उरेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. आज हे ब्रीद पुरे झाले आहे, ते मात्र शोकाच्या रूपाने. म्हणूनच प्रयोगशील छायाचित्रकार स्थैर्याचा हक्क स्वतःहून सोडतात. रीपनहॉफ यांची अनेक चित्रे पूर्णतः स्थिर केलेली नसल्यामुळे ती भिंतीवरही पालटत राहतात. पाहणाऱ्याला सुरक्षित अंतर उरत नाही.

तरीही या स्वातंत्र्याला एक मर्यादा हवी. स्थळ आणि पाण्याचा उगम यांची नोंद गेली, की विरघळलेला रंग केवळ अलंकार होतो. ब्रँट आपल्या चित्रांना तलावांचीच नावे देतात, ती गोष्ट या दृष्टीने गौण नाही. व्हेंतुरांची चित्रजोडी काय गेले ते सांगते. भिजलेला कागद जाणे म्हणजे काय ते सांगतो. पहिल्या साक्षीविना दुसरी पोकळ ठरते, आणि दुसरीविना पहिली दप्तरात पडून राहते.